पोपटांचा आंबा

लग्न होऊन मी गिरगावातून लालबागला आले, तेव्हा दुसऱ्याच सकाळी एक आवाज कानावर आला. घोगरा, दणकट, कुणीतरी घसा खरवडून हाक मारावी तसा. मी चुलीपुढे होते, दचकलेच. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नको गो. पोपट तो."

"पोपट असा ओरडतो?"

पोपट मला काही नवे नव्हते. आमच्या गिरगावच्या वाडीत चिंचेवर संध्याकाळी त्यांची शाळा भरायची. पण त्यांचा आवाज किनरा. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरून मला मागच्या गॅलरीत नेलं. गॅलरीसमोर एका बंद बंगल्याचं आवार होतं. कोणे एके काळी तिथे गिरणीचा साहेब राहायचा म्हणे. आता नुसतं कुलूप, वाढलेलं गवत, चाळीच्या बाजूला मोडकं कुंपण आणि कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर झुकलेला एक म्हातारा आंबा. अर्धा वाळलेला, अर्धा हिरवा. वाळलेल्या बाजूला वरच्या अंगाला एक मोठी ढोली होती आणि तिच्या तोंडाशी दोन पोपट बसले होते. नेहमीच्या पोपटांपेक्षा चांगलेच मोठे, लांब शेपटीचे, लालभडक चोचीचे.

"बारक्या पोपटासारखे न्हय हे. खांद्यार तांबडा बघ," सासूबाई म्हणाल्या. पंखाच्या वरच्या टोकाला, खांद्यावर, कुंकवाचं बोट पुसावं तसा तांबडा डाग होता. लोक त्यांना पहाडी पोपट म्हणत. आमच्या सासूबाई नुसतं 'मोठे' म्हणत. "मोठे इले," "मोठे गेले," असं त्यांचं चालायचं, जसं काही घरातली वडीलधारी माणसंच.

सासूबाई मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि काही वर्षांतच विधवा झाल्या. पदरात एक मुलगा. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्याने सूत गुंडाळत त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं आणि पुढे तोही गिरणीतच साच्यावर, कापड विणायला, लागला. मी त्या घरात गेले तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. छातीत कापूस बसलेला. खोकला असा की बोलता बोलता मध्येच थांबायच्या, कठडा धरायच्या, दोनदा कोरडं खोकायच्या, मग एक लांब, आत ओढलेला श्वास. आणि वाक्य जिथे सुटलं होतं तिथूनच पुढे बोलू लागायच्या.

त्या पहिल्यांदा मुंबईत आल्या तेव्हा परळ-लालबागमध्ये हे मोठे पोपट पुष्कळ होते, असं त्या सांगायच्या. गिरण्यांच्या आवारात जुनी झाडं होती, साहेबांच्या बंगल्यांना बागा होत्या. मग शेड वाढल्या, गोदामं आली, चाळी आल्या आणि एकेक झाड गेलं. बारका पोपट कुठेही संसार थाटतो, भिंतीतल्या भोकातसुद्धा. ह्या मोठ्यांना मात्र मोठी ढोली लागते, आणि तेवढी ढोली पडायला झाडाला आधी म्हातारं व्हावं लागतं. म्हातारं झाड कोण ठेवतो? आमच्या बाजूला तेवढा एक आंबा उरला होता आणि ती एक जोडी.

त्या थंडीत मी एकदा दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सासूबाई कामावर होत्या. एक माणूस कंपाउंडची भिंत चढून आत आला. कमरेला पिशवी, पायाला दोरीचा फास. सरसर आंब्यावर चढला आणि ढोलीत कोपरापर्यंत हात घातला. ते दोघे पोपट त्याच्या डोक्याभोवती किंचाळत घिरट्या घालत होते. त्याने एक एक करून पिल्लं काढली, पिशवीत टाकली, उतरला आणि भिंतीवरून निघून गेला. सगळं इतक्या सहज झालं, की मला वाटलं हा त्याचा हक्कच असेल.

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा सासूबाई गॅलरीत जाऊन ढोलीकडे बघून आल्या. मग म्हणाल्या, "दरवरसाक येता तो. इतकी वरसां झाली, ह्येंका एक पोर उडवूक गावलेला नाय. ही दोघा म्हातारी होतली नि मरतली. मगे हयसर कोण येतला?"

मी कधी असा विचारच केला नव्हता. पोपट दिसतात म्हणजे आहेत, एवढंच मला ठाऊक. ती जोडी रोज दिसत होती, रोज ओरडत होती, आणि तरीही ते घराणं संपत चाललं होतं. पुढे एकदा मी पक्षीबाजारात गेले तेव्हा तसली पिल्लं पाहिली. जाळी घातलेल्या टोपलीत एकमेकांवर रचलेली, अंगावर धड पीस नाही, चोची उघड्या. मोठा पोपट स्पष्ट बोलतो म्हणून त्याला गिऱ्हाईक जास्त, असं टोपलीवाला सांगत होता. टोपलीच्या तळाशी होती ती हलत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत सासूबाई घरी बसल्या होत्या. त्यांनी ठरवलंच होतं. मोठ्यांचं ढोलीत जाणं-येणं सुरू झालं, तसं त्यांनी लाकडाच्या वखारीतून बाभळीच्या काट्या आणल्या आणि गिरणीतल्या जुन्या पट्ट्यांनी आंब्याच्या बुंध्याला गच्च बांधल्या. चाळीतल्या बायकांना सांगितलं, दुपारचं निवडणं-टिपणं मागच्या गॅलरीत करायचं. बायका हसल्या, पण बसल्या. तिथे ऊन छान यायचं. मग आपोआपच आंब्यावर सगळ्यांचा डोळा राहू लागला. मादी आत बसलेली असायची, नर दाणा घेऊन यायचा. तो आला की कुणीतरी म्हणायचं, "आला गं डबेवाला." बघता बघता त्या झाडाला पोपटांचा आंबा असं नाव पडलं.

तो माणूस आलाच. भिंतीवर चढून त्याने काट्या पाहिल्या आणि थांबला. तोवर सासूबाई खाली उतरून भिंतीशी पोचल्या होत्या. मी मागोमाग.

"उतर खाली," त्या म्हणाल्या.

"बाई, झाड तुमचं आहे का?"

"झाड माझा न्हय. तुझाय न्हय. पोरां त्येंची आसत."

"माझं पोट आहे यावर."

"पोट माकाय आसा." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. भिंत धरून त्या वाकल्या. तो माणूस तसाच भिंतीवर बसून राहिला, त्यांचं खोकणं संपेपर्यंत. मग वर गॅलरीत ओळीने उभ्या राहिलेल्या बायकांकडे त्याने पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि पलीकडे उतरला. पुन्हा आला नाही.

माझ्या नवऱ्याला ह्या सगळ्याची गंमत वाटे. तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुरता बुडालेला होता. पाळी सुटली की सभा, सभेहून आला की जिन्यात चर्चा. मुंबईवाचून महाराष्ट्र म्हणजे काय, हे तो जेवतानासुद्धा मला समजावून सांगायचा. एकदा आईला म्हणाला, "आये, आमका आमचा राज्य गावना नाय, आणि तू पोपटांक राज्य देतंस!"

"तुमचा होतला तेव्हा होतला," त्या म्हणाल्या. "तोवर ह्येंचा तरी राखूंदे."

दोघंही हसले. मायलेकांचं फार गूळपीठ होतं. त्याला साच्यावर लागून इतकी वर्षं झाली तरी पाळीवरून आला की त्यांच्या मांडीवर डोकं टेकून दोन मिनिटं पडायचा. मला नवी असताना ते पाहून संकोच वाटायचा.

जानेवारी उजाडला. ढोलीतून पिल्लांची कुरकुर गॅलरीपर्यंत ऐकू येऊ लागली. सासूबाई दिवसातून दहादा कान देऊन ऐकायच्या. आणि त्याच महिन्यात नाक्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर बातमी आली, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. गिरण्या बंद. भोंगा नाही, त्यामुळे सकाळ झाली की नाही तेच कळेना. रस्त्यावर दगड, काचा, अश्रुधुराचा तो डोळ्यांत मिरची गेल्यासारखा वास. पोलिसांच्या गाड्या गल्ल्यांत शिरत आणि गोळ्यांचे आवाज येत. नाक्याजवळच्या चाळीतला एक तरुण कामगार, आमच्या घरी गणपतीला यायचा, तो गोळी लागून गेला. त्याला चादरीवर घालून नेताना मी गॅलरीतून पाहिलं. माझ्या नवऱ्याने चादरीचं एक टोक धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चाळीतल्या चार-पाच जणांना घेऊन मागच्या आवारात शिरला. हातात कुऱ्हाडी आणि मोठी करवत. सासूबाई गॅलरीतच होत्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. अनवाणी खाली धावल्या, मी त्यांच्या मागे.

"आये, घरात जा," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजून लाल झाले होते. "रस्तो बंद करूचो आसा. गाडये आत इलये तर अजून पोरां मरतली."

"दुसरा कायव नाय तुमच्याकडे?"

"हातगाडये टाकले, पिंपां टाकली. सगळा उडवन लावतत. ह्या झाड बरोबर रस्त्यार पडात. आतसून पोकळ आसा, वेळ लागूचो नाय."

सासूबाई वर ढोलीकडे पाहत राहिल्या. मादी तोंडाशी येऊन मान वळवून खाली बघत होती. मला वाटलं, आता ह्या बुंध्याला मिठी मारतील, जसं त्या माणसाला भिंतीवरून परतवलं तसं लेकालाही परतवतील. पण काल चादर नेताना त्यांनीही पाहिली होती. त्या मेलेल्या पोराची आई त्यांच्याच खात्यात त्यांच्या शेजारी उभी राहायची.

"वायच थांब," त्या म्हणाल्या. "पिल्लां काढूंदे. मगे तोड."

"बरा," तो म्हणाला आणि शिडी आणायला एकाला पाठवलं. बुंध्यावरच्या काट्या त्याने स्वतः कापून काढल्या. तेवढ्यात नाक्याकडून शिट्ट्या झाल्या. गाडी आली की मारायची ठरलेली शिट्टी. एकामागून एक, आमच्या दिशेने जवळ येणाऱ्या. शिडी आली नव्हती. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने आईकडे पाहिलं.

सासूबाई बाजूला झाल्या. दोन पावलं मागे सरल्या आणि पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या.

झाड खरंच पोकळ होतं. थोड्याच वेळात ते कंपाउंडची भिंत फोडून रस्त्यावर आडवं पडलं. केवढा तो धुरळा! ते दोघे पोपट वर, जिथे फांदी होती त्या रिकाम्या जागेभोवती गोल गोल फिरत ओरडत होते.

त्या दिवशी आमच्या गल्लीत गाडी आली नाही. आंब्यामुळे आली नाही की येणारच नव्हती, हे कुणालाच कधी सांगता आलं नाही.

सासूबाई रस्त्यावर गेल्या आणि फुटलेल्या ढोलीत हात घातला. पिल्लं तीन होती. दोन चिरडली होती. एक जिवंत होतं. बोचऱ्या खुंटांसारखी पिसं नुकती फुटू लागलेलं, डोळे उघडलेलं, थरथरणारं. त्यांनी ते पदरात घेतलं आणि मेलेली दोन आवारातच गवताखाली पुरली. माती लोटायला माझा नवरा वाकला, तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला केला. रागाने नव्हे, अगदी हळूच. पण मी तो हात पाहिला आणि त्यानेही तो जन्मभर लक्षात ठेवला.

वाचलेल्या पिल्लाला टोपलीत घालून त्यांनी टोपली गॅलरीच्या कठड्याला बांधली, आईबाप येऊन भरवतील ह्या आशेने. पहिल्या दिवशी मादी आलीही. कठड्यावर बसली, टोपलीकडे मान तिरकी करून बघत राहिली. आम्ही आत श्वास रोखून उभ्या. इतक्यात पलीकडच्या गल्लीत अश्रुधुराचं नळकांडं फुटलं आणि ती उडाली. नंतर काही दिवस दोघं लांबून यायची, पाण्याच्या पाइपावर बसायची, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून ओरडायची. मग एक दिवस आली नाहीत. शिवडीकडे गेली असतील असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं मेली असतील. आमच्या आकाशात ती पुन्हा दिसली नाहीत. ती काय, त्यांच्या जातीचं दुसरं कुणीच दिसलं नाही.

सासूबाईंनी भिजवलेली चण्याची डाळ बारीक वाटून, बोटाने भरवून पिल्लू वाढवलं. त्याला पंख आले, खांद्यावर तांबडा उमटला. चाळीतली मुलं त्याला घोषणा शिकवायला यायची. सासूबाई त्यांना हाकलून द्यायच्या. "त्येका आमचा बोलणा शिकवू नको. त्येचा त्येका बोलांदे." पण त्याचं त्याला शिकवायला होतं कोण? एकदा त्यांनी त्याला गॅलरीतून मोकळं सोडलं. ते बारक्या पोपटांच्या थव्यामागे उडालं. थव्याने त्याला टोचून पिटाळलं आणि संध्याकाळी ते धापा टाकत परत आलं. मग घरातच, पिंजऱ्यात राहिलं.

मायलेकांत भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं मला तेव्हा फार वाटायचं. त्या त्याला जेवायला वाढायच्या, तो बाहेर निघाला की "सांभाळून रे" म्हणायच्या. पण पाळीवरून येऊन तो त्यांच्या मांडीवर पडायचा, ते थांबलं. तोही जवळ गेला नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही. एकदा मीच त्यांना म्हटलं, "आई, त्यांच्यावर राग धरू नका."

"राग नाय गो," त्या म्हणाल्या. "त्येना बरोबर केल्यान. मीच बाजूक झालंय मा? पण त्येचा तोंड बघलंय की माका ती ढोली दिसता. काय करू?"

तिसऱ्या वर्षी पोपटाला कंठ फुटला. गळ्याभोवती काळी रेघ आणि मागे गुलाबी कडं. नर होता तर. सासूबाईंनी ते पाहिलं, अंथरुणावरूनच. छाती पार भरली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटचे दिवस माझा नवरा रजा टाकून त्यांच्या उशाशी बसून असे. एका दुपारी मी पाणी घेऊन आत गेले तर त्यांचा हात त्याच्या केसांत होता आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. आणि एका सकाळी गॅलरीतून सासूबाई खोकल्या. दोनदा कोरडं, मग तो लांब, आत ओढलेला श्वास. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. नवरा धावत बाहेर आला. पिंजऱ्यात पोपट बसला होता. सगळं आयुष्य ज्या एका माणसाजवळ गेलं, तिच्याकडून तो हेच शिकला होता.

त्यानंतर तो रोज खोकायचा. माझा नवरा सुरुवातीला उठून बाहेर निघून जायचा. मग तिथेच बसू लागला. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी लालबागमध्ये नुसता गुलाल होता. ढोल, लेझीम, दारोदार कंदील. लोक त्याला खांद्यावर घ्यायला आले होते. तो थोडा वेळ गेला आणि परत आला. गुलालाने माखलेला पिंजऱ्यापाशी बसला. पोपट खोकला. तो म्हणाला, "झाला गो आये. झाला राज्य." 

त्याच वर्षी पावसाआधी आम्ही बोटीने त्याच्या गावी गेलो. पोपट बरोबर घेतला. गाव डोंगराच्या पायथ्याशी, तिथे मोठे पोपट अजून होते. फार नाहीत, कोळशासाठी तिथलीही झाडं तुटत होती. चुलतदिरांच्या गोठ्याच्या वळचणीला पिंजरा उघडा ठेवला. आम्ही होतो तोवर तो बाहेर जाऊन पुन्हा आत येऊन बसायचा. निघताना माझ्या नवऱ्याने पिंजऱ्याचं दार काढूनच टाकलं.

गणपतीला चुलतदीर मुंबईला आले तेव्हा सांगत होते, पोपट परसातल्या फणसावर बसतो, डोंगरातले आले की त्यांच्यामागे थोडा उडतो आणि परत येतो. "आणि काकीसारखो खोकता," ते हसून म्हणाले; मग आमचे चेहरे पाहून त्यांनी गावच्या पावसाची गोष्ट काढली. पुढल्या वर्षी विचारलं तर म्हणाले, हल्ली दिसत नाही. डोंगरातल्या थव्यात मिसळला असेल, किंवा मांजराने नेला असेल, किंवा कुणी धरून विकला असेल.

माझा नवरा मिसळला असंच धरून चालला. मला तसं ठामपणे कधी वाटलं नाही, पण मी त्याला तसं म्हटलं नाही. पुढे पोपट पकडण्या-विकण्यावर बंदी आली, ते त्याने मला वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला. बंद बंगल्याच्या जागी तोवर इमारत उभी राहिली होती. तिच्या गच्चीवर बारके पोपट येत, अजूनही येतात.